आतड्यातल्या न्यूरोएंडोक्राइन गाठी: बायोप्सीच्या रिपोर्टपासून महिन्याच्या इंजेक्शनपर्यंत (खानदेशातल्या रुग्णांसाठी धागा)

गिरणाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बायोप्सीच्या कागदावर 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' दिसलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो उद्याच केमो सुरू करा. दुसरा म्हणतो डॉक्टर 'कार्सिनॉइड' म्हणालेत, साधी गाठ आहे, काढली की विषय संपला. दोन्हीकडून नुकसान होतं म्हणून हा धागा. जाणकारांनी आपापल्या कामातलं नेमकं लिहावं ही विनंती.

थोडं मूळ समजून घेऊ. जठरापासून गुदाशयापर्यंत आतड्याच्या अस्तरात हार्मोन तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यापासून या गाठी होतात. जर्मन पॅथॉलॉजिस्ट ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये त्यांना सौम्य समजून 'कार्सिनॉइड' नाव दिलं, पण १९२९ मध्ये त्यांनीच या गाठी पसरू शकतात असं लिहिलं. हे दुसरं वाक्य लोकांपर्यंत आजही पोचलेलं नाही.

लहान आतड्यातल्या गाठी बहुधा सेरोटोनिन बनवतात. ते रक्तातून आधी यकृतात जातं आणि तिथे मोडलं जातं, म्हणून गाठ आतड्यापुरती असेपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. यकृतात गाठी पसरल्या की सेरोटोनिन थेट मोठ्या रक्तप्रवाहात शिरतं. मग चेहरा-मान अचानक लाल होणं, पाण्यासारखे जुलाब, छातीत घरघर ही लक्षणं येतात. हे जुलाब उपाशीपोटी आणि रात्रीही होतात. नुसत्या आयबीएसमध्ये (गाठ नसताना होणाऱ्या चिडखोर आतड्याच्या त्रासात) रुग्ण सहसा जुलाबासाठी झोपेतून उठत नाही, एवढा फरक जरी विचारला तरी पुष्कळ निदानं लवकर होतील.

आणखी एक गोष्ट फार कमी वेळा पाहिली जाते. सेरोटोनिन ट्रिप्टोफॅनपासून बनतं. एरवी आहारातल्या ट्रिप्टोफॅनचा सुमारे १ टक्का त्यात जातो, या आजारात हे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. मग नायसिन बनवायला ट्रिप्टोफॅन उरत नाही आणि पेलाग्रा होतो: मानेवर, हाताच्या पाठीवर काळपट खरखरीत चट्टे, जुलाब, भ्रमिष्टपणा. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांत पेलाग्रा पूर्वी दिसायचाच. उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाच्या मानेवरचा डाग 'उन्हाने झालाय' म्हणून सोडून देऊ नका.

काचपट्टी

रिपोर्टबद्दल लिहितो. तीन गोष्टी नसतील तर तो रिपोर्ट अपुरा समजा: पेशींची ठेवण (सुविभेदित म्हणजे मूळ पेशींसारखी, की अविभेदित म्हणजे ओळख हरवलेली), केआय-६७ टक्केवारी (किती टक्के पेशी वाढत आहेत) आणि मायटोसिसची (विभागणाऱ्या पेशींची) मोजणी. २०१९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार केआय-६७ ३ टक्क्यांखाली आणि मायटोसिस २ चौ. मि.मी. मध्ये २ पेक्षा कमी असेल तर ग्रेड १. केआय-६७ ३ ते २० किंवा मायटोसिस २ ते २० असेल तर ग्रेड २. त्याच्या वर ग्रेड ३. दोन आकडे वेगळा ग्रेड दाखवत असतील तर वरचा धरायचा.

इथे मोठी गफलत होते. २० टक्क्यांच्या वर दोन पूर्णपणे वेगळे आजार येतात. पेशी सुविभेदित असतील तर तो ग्रेड ३ नेट (न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर). अविभेदित, लहान किंवा मोठ्या पेशींचा असेल तर तो न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, म्हणजे एनईसी. त्यात टीपी५३ आणि आरबी१ ही जनुकं बिघडलेली सापडतात. स्वादुपिंडाच्या नेटमध्ये एमईएन१, डीएएक्सएक्स, एटीआरएक्स यांत बिघाड असतो. म्हणजे नेट बिघडत जाऊन एनईसी होतो असं सहसा नसतं, दोघांचा उगमच निराळा. उपचारही निराळे.

केआय-६७ नजरेच्या अंदाजाने देऊ नये. सगळ्यात जास्त रंगलेला भाग निवडून किमान ५०० पेशी मोजाव्या लागतात. फोटोची प्रिंट काढून एकेका पेशीवर पेनाने खूण करत गेलं की आकडा भरवशाचा येतो. '२ ते ५ टक्के' असं लिहून आलं तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून नेमका आकडा मागा, कारण ग्रेडची रेषा नेमकी ३ वर आहे. सुईच्या बायोप्सीत तुकडा लहान असतो, ग्रेड खरा त्यापेक्षा वरचा निघू शकतो.

नमुना बिघडतो तो लॅबमध्ये येण्याआधी. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, नमुन्याच्या आकारमानाच्या १० पट, आणि आतड्याचा तुकडा असेल तर तो उभा चिरून. न चिरलेलं आतडं छोट्या बरणीत कोंबून पारोळ्याहून जळगावला एसटीने पाठवलं तर आतला भाग कुजतो आणि केआय-६७ खोटा कमी येतो. सलाइनमध्ये तर मुळीच पाठवू नका.

तापीचं_पाणी

काचपट्टीभाऊ, बठ्ठं बरोबर शे. एक भर: मुंबईला दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका. मेणाचे ब्लॉक आणि रंगवलेल्या काचा दोन्ही न्या, सोबत मूळ रिपोर्टची प्रत. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन हे पेशी ओळखायचे रंग परत लावायचे तर ब्लॉकच लागतो. मेमध्ये गाडीच्या बंद डिकीत ब्लॉक ठेवला तर मेण मऊ पडतं. अंगावरच्या पिशवीत ठेवा.

अमळनेरी_सर्जन

आपल्याकडे या गाठीचा सगळ्यात मोठा चकवा म्हणजे क्षयरोग. लहान आतड्याचा शेवटचा भाग जाड, पोटात राहून राहून कळ, अर्धवट अडथळा, शेजारी कॅल्शियम साचलेल्या गाठी. एवढ्यावर टीबीची औषधं सुरू होतात. सहा महिने जातात आणि कळ तशीच.

सीटी नीट वाचला तर फरक दिसतो. नेटमध्ये आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात म्हणजे मेसेंटरीत एक घट्ट गाठ असते आणि तिच्यापासून चहूकडे तंतू ताणलेले असतात. सेरोटोनिनमुळे तिथली ऊती आक्रसते आणि आतड्याची घडी पडते, रक्तवाहिनी आवळली जाते. म्हणून जेवल्यावर कळ. टीबीच्या गाठी बहुधा मधून मऊ, कडेने उजळणाऱ्या असतात. सीटी तीन टप्प्यांचा मागा. यकृतातले डाग धमनीच्या टप्प्यात जास्त उठून दिसतात, साध्या एका टप्प्याच्या सीटीत ते निसटतात. ऊतीचा पुरावा नसताना औषधं सुरू करावी लागली तर फेरतपासणीची तारीख त्याच दिवशी कागदावर लिहा.

ऑपरेशनमध्ये डोळ्याला दिसणारी एक गाठ काढून थांबू नये. लहान आतड्यात त्या अनेकदा एकापेक्षा जास्त असतात आणि काही ज्वारीच्या दाण्याएवढ्याच. सगळं आतडं बोटांत धरून चाचपावं लागतं. दुर्बिणीतून करायचं तरी चाचपण्यासाठी छोटा छेद हवा.

लॅबवाली_धुळे

क्रोमोग्रॅनिन ए ही रक्ततपासणी अर्ध्या लोकांना गरज नसताना लिहिलेली असते आणि चुकीच्या वेळी केलेली असते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल चालू असतील तर ती हमखास वाढलेली येते. जठराचं अस्तर झिजलं असेल किंवा किडनी कमजोर असेल तरीही वाढते. या गोळ्या २ आठवडे बंद ठेवून मगच रक्त द्यावं, मधल्या काळात फॅमोटिडीन चालवता येतं आणि तेही आदल्या दिवशी बंद. पण हे डॉक्टरांना विचारूनच. गॅस्ट्रिनोमाच्या (जठरातलं आम्ल वाढवणाऱ्या गाठीच्या) रुग्णात गोळी एकदम थांबवली तर अल्सर फुटू शकतो, रक्तस्राव होतो. आकडा वाढलेला आला म्हणून निदान होत नाही. ऊतीत निदान झालेलं असेल तर पुढचा चढउतार पाहायला तो उपयोगी, तोही एकाच लॅबमध्ये.

सेरोटोनिनसाठी २४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए (सेरोटोनिन मोडून बनणारा पदार्थ). इथे खानदेशातली पंचाईत अशी की आपली दोन मानाची पिकं, केळी आणि भरताची वांगी, दोन्ही या तपासणीत घोळ घालतात.

शेवभाजी_रावेर

ताई, म्हणजे किती दिवस बंद? आणि केळीचे वेफर्स चालतील का? रावेर-यावलमध्ये रोज केळी न खाणारा माणूस सापडणं कठीण.

लॅबवाली_धुळे

भाऊ, लघवी गोळा करायच्या आधीचे ३ दिवस आणि गोळा करण्याचा दिवस. वेफर्सही नाहीत. केळी, वांगं, टोमॅटो, अननस, किवी, आलुबुखारा, अक्रोड एवढं बंद. हिवाळ्यात भरीत पार्टीच्या दुसऱ्या दिवशी बाटली देऊ नका, आकडा वाढलेला येईल आणि नसता धसका बसेल. ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकरी, वरण-बट्टी, कढी-फुनके, खिचडी चालते. शेवभाजी टोमॅटो न घालता काळ्या मसाल्यावर केलेली असेल तर हरकत नाही. औषधांत पॅरासिटामॉल आणि ग्वायफेनेसिन असलेलं खोकल्याचं औषध काही पद्धतींत आकडा वाढवतं, लेवोडोपा आणि ॲस्पिरिन कमी दाखवू शकतं. चालू औषधांची यादी लॅबला द्या.

गोळा करायची रीत: सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या, ती वेळ लिहा. त्यानंतरची प्रत्येक वेळची लघवी, रात्रीचीसुद्धा, बाटलीत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली लघवी घेऊन संपवा. लॅब जी बाटली देते तिच्या तळाशी आम्ल असतं. ते ओतून, धुऊन बाटली 'स्वच्छ' करू नका, असं होतं म्हणून मुद्दाम लिहिते. थेट बाटलीत लघवी करू नका, मगात घेऊन हळू ओता, आम्ल उडतं. बाटली फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या बादलीत, उजेडापासून दूर. एकदा जरी संडासात गेली तर नवी बाटली घेऊन पुन्हा सुरुवात. सोबत क्रिएटिनिन मोजून घेतलं की लघवी पूर्ण आली का ते कळतं.

अपेंडिक्स_प्रश्न

अपेंडिक्स काढलं आणि रिपोर्टमध्ये अचानक नेट निघालं, तर पुन्हा ऑपरेशन लागतंच का?

अमळनेरी_सर्जन

१ सेंमीपेक्षा लहान आणि पूर्ण निघालं असेल तर नाही. कायमचे स्कॅनही नाहीत. २ सेंमीच्या वर असेल तर उजवं मोठं आतडं काढायचं ठरतं. मधल्या १ ते २ सेंमीसाठी पूर्वी सढळपणे मोठं ऑपरेशन व्हायचं, आता युरोपातल्या मोठ्या अभ्यासानंतर त्याने फायदा दिसत नाही असं मत बळावलंय. गाठ बुडाशी आहे का, कड मोकळी आहे का, शेजारच्या चरबीत ३ मि.मी. पेक्षा खोल गेली आहे का, ग्रेड काय, हे पाहून ठरवा.

गुदाशयात वेगळी चूक होते. कोलोनोस्कोपीत पिवळसर, गुळगुळीत, अस्तराखालचा उंचवटा दिसला की साधा पॉलिप समजून तारेने कापतात. गाठ अस्तराखाली असल्याने तळाची कड अडकलेली राहते. अशी गाठ दिसली की थांबा, फोटो घ्या, एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करा. १ सेंमीखाली असेल तर रबर बँड लावून किंवा ईएसडी (दुर्बिणीतून अस्तराखालचा थर सोडवत कापायच्या) पद्धतीने पूर्ण निघते.

जठराच्या गाठीत आधी प्रकार ठरवा, मग सुरी. प्रकार १ सगळ्यात जास्त आढळतो: अस्तर झिजलेलं, आम्ल कमी, गॅस्ट्रिन वाढलेलं, अनेक बारीक गाठी, बी-१२ कमी. या दुर्बिणीने काढून नजर ठेवायची. प्रकार २ गॅस्ट्रिनोमासोबत येतो. प्रकार ३ मध्ये गॅस्ट्रिन सामान्य, गाठ बहुधा एकच आणि वागणूक खऱ्या कॅन्सरची, तिथे ऑपरेशन. म्हणून एंडोस्कोपीत फक्त गाठीचा तुकडा पुरत नाही. जठराच्या वरच्या भागातून आणि खालच्या भागातून वेगवेगळ्या बरण्यांत बायोप्सी द्या. ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही गॅस्ट्रिन वाढतं, त्यामुळे नुसत्या रक्ताच्या आकड्यावर प्रकार ठरत नाही.

गॅलियम६८

डोटानॉक किंवा डोटाटेट पेट स्कॅनबद्दल. सुविभेदित गाठीच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन हार्मोनला पकडणारे रिसेप्टर भरपूर असतात, गॅलियम त्यांना चिकटून गाठ दाखवतं. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटं, त्यामुळे ते लांबून मागवून ठेवता येत नाही. ज्या केंद्रात गॅलियम तयार करणारा जनरेटर आहे तिथेच जावं लागतं आणि ते ठरावीक दिवशीच रुग्ण घेतात. जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर, आधी फोन करून दिवस पक्का करा.

महिन्याचं इंजेक्शन (ऑक्ट्रिओटाइड एलएआर किंवा लॅनरिओटाइड, ही सोमॅटोस्टॅटिनसारखी औषधं) चालू असेल तर स्कॅन पुढच्या डोसच्या लगेच आधी लावा. रोजचं छोटं ऑक्ट्रिओटाइड २४ तास आधी थांबवतात. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या अन्सिनेट भागात थोडी चमक स्वाभाविक असते, जादा प्लीहाही चमकते. त्यावर घाईने ऑपरेशन ठरवू नये. केआय-६७ जास्त असेल तर साधा एफडीजी पेटही (साखर जास्त खेचणाऱ्या गाठी दाखवणारा) सोबत हवा. एफडीजीत चमकणाऱ्या पण डोटानॉकमध्ये न दिसणाऱ्या गाठी असतील तर तोच भाग आजाराची गती ठरवतो.

सिस्टर_चाळीसगाव

महिन्याच्या इंजेक्शनबद्दल. ऑक्ट्रिओटाइड एलएआर २० किंवा ३० मि.ग्रॅ., दर २८ दिवसांनी, कुल्ल्यात खोल स्नायूत. लॅनरिओटाइड १२० मि.ग्रॅ., दर २८ दिवसांनी, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात कातडीखाली खोल. २००९ चा प्रोमिड आणि २०१४ चा क्लॅरिनेट, या दोन चाचण्यांत दिसलं की ही इंजेक्शनं लक्षणं तर कमी करतातच, गाठीची वाढही रोखतात. प्रोमिडमध्ये वाढ थांबून राहण्याचा काळ ६ महिन्यांवरून १४.३ महिन्यांवर गेला. गाठ विरघळेल अशी आशा मात्र रुग्णाला देऊ नका, ती तशीच राहिली हेच यश.

एलएआर देताना काय बिघडतं ते सांगते. किट फ्रीजमधून काढून किमान ३० मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवायचं. गार पावडर नीट भिजत नाही, गुठळ्या होतात आणि सुई अडकते. द्रव घातल्यावर पावडर पूर्ण ओली होईपर्यंत थांबा, मग किटच्या पत्रकाप्रमाणे हलवा. दुधाळ, एकसारखं दिसलं की त्याच क्षणी टोचायचं. 'आधी बिल भरून या' असं म्हणून मिसळलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली की औषध तळाशी बसतं, निम्मा डोस सिरिंजमध्येच राहतो. रुग्णाला पालथं झोपवा, बाजू दर महिन्याला बदला, रक्त येत नाही ना ते पाहा. जाड रुग्णात छोट्या सुईने औषध चरबीत जातं, तिथे गाठ बसते आणि महिना संपायच्या आधी जुलाब परत सुरू होतात. मग डोस वाढवला जातो, चूक जागेची असते.

लॅनरिओटाइडची सिरिंज भरलेलीच येते. तीही ३० मिनिटं आधी बाहेर. कातडी चिमटीत धरू नका, ताणून धरा, सुई पूर्ण आत काटकोनात आणि सुमारे २० सेकंद सावकाश दाबा. औषध घट्ट आहे, घाई केली तर बाहेर येतं.

औषधवाला_भुसावळ

सिस्टरताईंच्या लिखाणाला जोडून. दोन्ही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची. भुसावळला मेमध्ये पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा थर्माकोलचा डबा आणि गोठवलेले जेल पॅक लागतातच. पण खोका थेट बर्फाला टेकला तर औषध गोठतं आणि गोठलेलं औषध वाया. मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. घरच्या फ्रीजमध्ये दारात किंवा फ्रीझरखाली नको, मधल्या कप्प्यात. भारनियमनाच्या गावात इंजेक्शन आठवडाभर आधी आणून ठेवू नका, टोचायच्या दिवशीच उचला. रोजच्या ऑक्ट्रिओटाइडच्या अँप्युल ३० अंशांखाली १४ दिवस बाहेर चालतात. आपल्या उन्हाळ्यात ३० अंश घरातसुद्धा मिळत नाहीत, तेव्हा त्या फ्रीजमध्येच.

गॅलियम६८

इंजेक्शन चालू असूनही आजार वाढला आणि डोटानॉकमध्ये गाठी चांगल्या चमकत असतील तर ल्युटेशियम-१७७ डोटाटेट, म्हणजे त्याच रिसेप्टरला चिकटून गाठीला आतून किरणोत्सर्ग देणारं औषध. नेटर-१ चाचणीत, २०१७, २० महिन्यांनी आजार न वाढलेले रुग्ण ल्युटेशियम गटात ६५.२ टक्के होते, ऑक्ट्रिओटाइडचा डोस वाढवलेल्या गटात १०.८ टक्के. ७.४ गिगाबेकरेल म्हणजे २०० मिलिक्युरी, ८ आठवड्यांच्या अंतराने ४ वेळा. हे ल्युटेशियम भारतातही बनतं, ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत. परळला टाटा मेमोरियलच्या ॲनेक्स इमारतीतलं रेडिएशन मेडिसिन सेंटर या कामात जुनं आहे.

तयारी: एलएआर ४ आठवडे आधी बंद, प्लेटलेट ७५ हजारांच्या वर, हिमोग्लोबिन ८ च्या वर, किडनी ठीक. किडनी वाचवण्यासाठी लायसिन २५ ग्रॅम आणि आर्जिनिन २५ ग्रॅमचं सलाइन ल्युटेशियमच्या ३० मिनिटं आधी सुरू करून ४ तास चालतं. ते घाईने सोडलं की उलट्या होतात, म्हणून उलटीचं इंजेक्शन त्याआधी. नंतर ठरल्याप्रमाणे सीबीसी, कारण प्लेटलेट काही आठवड्यांनी उतरतात. सुमारे २ टक्के रुग्णांत पुढे अस्थिमज्जेचा गंभीर आजार होतो, हे सही घेण्याआधी सांगितलं पाहिजे.

घरी आल्यावर पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, दोनदा पाणी सोडावं. गरोदर बाई आणि लहान मुलं किती दिवस लांब ठेवायची ते डिस्चार्ज कागदावर लिहून घ्या. गर्दीच्या रेल्वे डब्यातून यायचं की नाही हेही रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला विचारा. बाईंनी ७ महिने आणि पुरुषांनी ४ महिने गर्भधारणा टाळावी.

काचपट्टी

एनईसीला यातलं काहीच पहिलं औषध नाही. तिथे प्लॅटिनम आणि इटोपोसाइडची केमो, आणि उशीर न करता. स्वादुपिंडाच्या नेटमध्ये कॅपेसिटाबिन व टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या उपयोगी पडतात: पहिलं १ ते १४ दिवस, दुसरं १० ते १४ दिवस, चक्र २८ दिवसांचं. दिवस चुकवू नयेत म्हणून घरच्या कॅलेंडरवर दोन रंगांत खुणा कराव्यात. एव्हरोलिमस रोज १० मि.ग्रॅ., तोंड येणं आणि साखर वाढणं सांभाळून.

तापीचं_पाणी

भूल देणाऱ्या डॉक्टरांना 'कार्सिनॉइड सिंड्रोम आहे' (म्हणजे गाठीच्या हार्मोनमुळे चेहरा लाल होणं, जुलाब, घरघर) हे आधी कळलंच पाहिजे, दात काढायचा असला तरी. भूल देताना किंवा गाठ हाताळताना एकदम हार्मोन सुटलं की रक्तदाब कोसळतो. ऑक्ट्रिओटाइड तासाला ५० ते १०० मायक्रोग्रॅम चालू ठेवतात, पण नुसत्या आधीच्या डोसने प्रत्येक वेळी संकट टळत नाही असं अलीकडे दिसलंय. रक्तदाब वाढवणारी औषधं भरून हाताशी हवीत. आणि मोठ्या ऑपरेशनआधी इको कराच. सेरोटोनिनमुळे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात. डावी बाजू वाचते कारण फुप्फुसं सेरोटोनिन मोडतात. ट्रायकस्पिड गळत असेल तर यकृताचं ऑपरेशन रक्तस्रावाने अवघड होतं, आधी झडपेचा विचार करावा लागतो.

शेवभाजी_रावेर

इंजेक्शन सुरू झाल्यावर जुलाब थांबले, पण तीन महिन्यांनी परत सुरू झाले. म्हणजे आजार वाढला असंच समजायचं का?

सिस्टर_चाळीसगाव

लगेच नाही, भाऊ. संडास कसा आहे ते विचारा. पाण्यासारखा, रात्रीही आणि सोबत चेहरा लाल होत असेल तर हार्मोनचा. फिकट, तेलकट, तरंगणारा, वासाचा आणि पाण्याने सहज न जाणारा असेल तर इंजेक्शनमुळे स्वादुपिंडाचा रस कमी पडतोय. त्याला एन्झाइमच्या कॅप्सूल, जेवणाला २५ ते ५० हजार युनिट, पहिल्या घासाबरोबर सुरू करून उरलेल्या जेवणाच्या मध्ये. जेवण झाल्यावर घेतल्या तर काम होत नाही, चहासोबत घेतल्या तरी नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल तर पित्ताम्लांमुळेही जुलाब होतात, त्याला कोलेस्टिरामाइनची पूड लागते आणि ती बाकी गोळ्यांपासून ४ तास लांब. सहा महिन्यांनी पित्ताशयाची सोनोग्राफीही करून घ्या, या इंजेक्शनांनी खडे होतात.